होम थिएटर पीसी जोडायचाय? टीव्हीपासून उलटं चालत या

"टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर करायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ?" पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा प्रश्न विचारला की समोरून आय-फाइव्ह, आय-सेव्हनची यादी सुरू होते. बजेट वाढतं आणि शेवटी घरी असा डबा येतो जो गेम खेळायला बरा असतो, पण सिनेमा लावला की कुठेतरी अडखळतो. प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला असतो. नुसतं बघण्या-ऐकण्यासाठीच्या पीसीत प्रोसेसर शेवटी ठरवायचा. आधी टीव्ही, मग आवाज, मग आपल्याकडच्या फाइली. या तिन्हींचा पत्ता लागला की प्रोसेसरला फारसे पर्याय उरतच नाहीत, आणि जो उरतो तो बहुधा दुकानात सुचवलेल्यापेक्षा स्वस्त असतो.

पण त्याही आधी एक बाब स्पष्ट करून टाकू. घरात फक्त ओटीटी बघत असाल तर हा खटाटोप करूच नका. संगणकावरून चित्र चोरलं जाईल या धास्तीने बऱ्याच सेवा पीसीला ४के देतच नाहीत. नेटफ्लिक्स देतं, पण विंडोजवर, एज ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्येच, आणि तेही ग्राफिक्सपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक दुव्याला एचडीसीपी २.२ हे कुलूप असेल तरच. लिनक्सवर ४के विसराच. टीव्हीच्या मागे खोचायची एक स्टिक हे सगळं निमूट करते, डॉल्बी व्हिजनसह (उजेड-अंधारातला फरक जास्त खुलवणाऱ्या एचडीआर चित्राचा हा एक प्रकार). डॉल्बी व्हिजन ही तर पीसीची ठरलेली दुखरी बाजू आहे. साधा एचडीआर१० मात्र पीसीवर व्यवस्थित चालतो.

मग पीसी कुणासाठी? ज्यांच्या कपाटात ब्लू-रे, डीव्हीडी आणि मराठी नाटकांच्या व्हीसीडी आहेत, लग्नाच्या कॅसेटी आहेत, हार्डडिस्कवर वीस वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ आहेत, त्यांच्यासाठी. ओटीटीवर जे कधीच येणार नाही ते नीट दाखवणं, हे त्याचं खरं काम.

टीव्ही काय मागतो

टीव्हीच्या मागचा एचडीएमआय पोर्ट आणि पीसीचा पोर्ट यांपैकी जो कमी ताकदीचा, तोच मर्यादा ठरवतो. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र जातं, पण सेकंदाला ३० वेळाच, म्हणजे ३० हर्ट्झवर. सिनेमा चालेल, मात्र ५० किंवा ६० फ्रेमचं क्रिकेट झटके देईल आणि माउसचा बाणसुद्धा रखडत फिरेल. एचडीएमआय २.० (१८ गिगाबिट) ४के ६० हर्ट्झला पुरतं. २.१ (४८ गिगाबिट) लागतं ते १२० हर्ट्झवर गेम खेळणाऱ्यांना. सिनेमासाठी त्याचे जादा पैसे मोजू नका.

गोम अशी की पोर्टची आवृत्ती प्रोसेसरवर नाही, मदरबोर्डवर ठरते. ग्राफिक्स ४के ६० देऊ शकत असूनही स्वस्त बोर्डावर कंपनीने जुन्या आवृत्तीचा पोर्ट बसवलेला असू शकतो. दुकानात उभ्या-उभ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाचं पान उघडा आणि एचडीएमआयच्या ओळीत ३० हर्ट्झ लिहिलंय की ६०, ते वाचा. जुन्या ऑफिसातले छोटे पीसी सेकंडहँड मिळतात, त्यांच्यावर एचडीएमआयऐवजी बहुधा डिस्प्लेपोर्ट हा वेगळा पोर्टच असतो. त्याला शंभर-दोनशे रुपयांचा साधा कन्व्हर्टर लावला तर पुन्हा ३० हर्ट्झवरच अडकाल. ६० हर्ट्झसाठी 'ॲक्टिव्ह' कन्व्हर्टर मागून घ्या.

आता फ्रेमच्या वेगाबद्दल, कारण चित्र 'जरा विचित्र' दिसण्याचं निम्मं कारण इथे असतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, डिस्कवर काटेकोरपणे २३.९७६ चा. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर २४ चा भाग ६० ला सरळ जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. कॅमेरा संथपणे एका बाजूला सरकत असेल तेव्हा हा हिसका डोळ्यांना जाणवतो. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण आणि घरगुती कॅमकॉर्डर पाल पद्धतीचे, म्हणजे २५ फ्रेमचे, ५० हर्ट्झचे. ६० वर तेही अडखळतात. इलाज फुकट आहे. कोडीसारख्या प्लेअरमध्ये फाइलप्रमाणे टीव्हीचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय असते, ती मुळात बंद असते, ती चालू करायची. पीसीने २३.९७६ आणि नेमके २४ यांतला फरकही पाळायला हवा. तो पाळला नाही तर साधारण दर ४१ सेकंदांनी एक फ्रेम जागच्या जागी थबकते.

आवाजाची साखळी

टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर हा भाग सोडून द्या. साउंडबार किंवा रिसीव्हर (वेगवेगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) असेल तर आवाज जाणार कुठल्या वाटेने, ते बघा. एचडीएमआय एआरसीमधून, म्हणजे टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज नेणाऱ्या एचडीएमआयच्या वाटेतून, ओटीटीवरचा दाबलेला डॉल्बी ॲटमॉस जातो. ब्लू-रेवरचा अस्सल, काहीही न गाळलेला ट्रूएचडी जात नाही, त्याला एआरसीची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, लागते. ऑप्टिकल वायरीतून फार तर जुना ५.१. दुसरं असं की बरेच टीव्ही डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) आवाज पुढे पाठवायलाच नकार देतात. चित्र सुरळीत आणि साउंडबार मुका, असं झालं तर पहिला संशय यावर घ्या. अशा वेळी प्लेअरला डीटीएस आधीच उलगडून पीसीएम, म्हणजे न दाबलेल्या, रूपात द्यायला सांगायचं. ईएआरसी असेल तर आठही चॅनल पोचतात, साध्या एआरसीवर दोनच.

४के चालणारा रिसीव्हर असेल तर उत्तम मार्ग एकच: पीसी आधी रिसीव्हरला, रिसीव्हर टीव्हीला. वेगळं साउंड कार्ड घेण्याची गरज नाही. एचडीएमआयमधून आवाज आकड्यांच्या रूपातच बाहेर जातो, त्याचं ध्वनीत रूपांतर पलीकडचं यंत्र करतं. तरीही साउंड कार्ड गळ्यात मारायचा प्रयत्न होतो.

खरा निर्णय: फाइल कोण उलगडणार

व्हिडिओ दाबून साठवलेला असतो आणि दाबण्याच्या पद्धती म्हणजे कोडेक. डीव्हीडीला एमपेग-२, ब्लू-रेला आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना एच.२६४, ४के डिस्कला आणि हल्लीच्या फोनना एचईव्हीसी, यूट्यूबच्या ४केला व्हीपी९ आणि आता वाढत्या प्रमाणात एव्ही१. ही घडी उलगडण्याचे दोन मार्ग. एकतर ग्राफिक्समध्ये त्या कोडेकसाठी खास कोरलेलं सर्किट असतं, ते जवळजवळ वीज न खाता काम करतं. नाहीतर प्रोसेसर सगळं गणित स्वतः करतो. मग पंखा सुसाटतो आणि जड फाइल असेल तर फ्रेम गळतात. गिगाहर्ट्झ आणि कोअरचे आकडे इथे दुय्यम आहेत. त्या चिपमध्ये कुठली सर्किटं आहेत, एवढंच विचारायचं.

इंटेलच्या सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ व्यवस्थित उलगडतात, एव्ही१ मात्र अकराव्या पिढीपासून. एएमडीच्या रायझन ५०००-जी मालिकेत एव्ही१ नाही. डेस्कटॉपच्या ७००० मालिकेपासून पुढे, ग्राफिक्स असलेल्या चिपमध्ये, आहे. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. हजार-दीड हजार वाचवायला तो घेतला की वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.

आणि कार्ड घ्यायचं म्हटलं की सापळा पुढ्यातच असतो. जीटी ७१० आणि जीटी ७३० अजूनही 'सिनेमापुरतं कार्ड' म्हणून विकली जातात. त्यांना एचईव्हीसी उलगडता येत नाही आणि ४के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. आजच्या कुठल्याही स्वस्त प्रोसेसरमधलं आयतं ग्राफिक्स त्यांच्यापेक्षा सरस आहे. जीटी १०३० एचईव्हीसी चालवतं, एव्ही१ नाही. रेडिऑन आरएक्स ६४०० गेमला ठीक, पण त्यातूनही एव्ही१ वगळलेलं आहे. कार्ड हवंच असेल तर इंटेलचं आर्क ए३१० किंवा ए३८० बघा, दोन्हींत एव्ही१ आहे.

म्हणजे नेमकं काय घ्यावं? नुसतं बघायचं असेल तर इंटेल एन१०० वाला तयार मिनी पीसी. चार कोअर, ६ वॅटची चिप, एव्ही१ सकट सगळं उलगडते. यात 'जोडणं' काहीच नाही, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त घरांना हेच पुरेल. रास्पबेरी पाय ५ त्याहूनही लहान, पण त्यात खास सर्किट फक्त एचईव्हीसीसाठी आहे, बाकी सगळं प्रोसेसरच्या जिवावर. यूट्यूबचं ४के त्याच्याकडून मागू नका. हार्डडिस्क आत बसवायच्या असतील, पुढे काही बदलता यावं असं वाटत असेल, तर कोअर आय-थ्री १२१०० ('एफ' नसलेला) आणि मायक्रो एटीएक्स किंवा मिनी आयटीएक्स बोर्ड. मुलांना अधूनमधून गेमही खेळायचे असतील तर रायझन ५ ८६००जी, ज्याचं अंगचं ग्राफिक्स या सगळ्यांत दणकट आहे. मात्र त्याला रॅमच्या दोन पट्ट्या लावा. असं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं आणि एकाच पट्टीवर अर्धपोटी राहतं. बाकी रॅमबद्दल फार विचार नको: ८ जीबीत भागतं, १६ असल्यास निवांत.

व्हीसीडीवरचं नाटक ५५ इंची पडद्यावर

जास्त ताकदीचं ग्राफिक्स कशासाठी लागेल, तर नव्या ४के सिनेमासाठी नव्हे, जुन्या मालासाठी. हे उलटं वाटतं. पण हिशोब बघा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम एक लाख. ४के टीव्हीवर ८३ लाख ठिपके आहेत. डिस्कवरच्या प्रत्येक ठिपक्यामागे ८० हून जास्त ठिपके कुणीतरी अंदाजाने भरायचे असतात. टीव्ही स्वतः भरतो तेव्हा चौकोन आणि कडांभोवतीची गजबज तो बऱ्याचदा आणखी ठळक करतो. पीसीवर एमपीव्हीसारखा प्लेअर हेच काम जास्त काळजीपूर्वक करतो, विंडोजवर मॅडव्हीआर त्याहून कसोशीने. त्यांच्या वरच्या दर्जाच्या पद्धती ४केवर चालवायला एन१०० कमी पडतो. ८६००जी किंवा मधलं एखादं कार्ड हवं. नसलेला तपशील मात्र कुणीच आणू शकत नाही. दुसऱ्या अंकातल्या नटाच्या चेहऱ्यावरची सुरकुती डिस्कवर नव्हतीच, ती टीव्हीवरही दिसणार नाही.

लग्नाच्या कॅसेटींचा प्रश्न वेगळा. व्हीएचएस आणि मिनीडीव्हीवरचं चित्र आंतरओळींचं असतं: एका क्षणी विषम ओळी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. दोन्ही एकत्र दाखवल्या की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात. उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग, आणि ते २५ फ्रेमवर न उतरवता ५० वर करायचं. तसं केलं की अक्षता टाकणारे हात मूळच्या टीव्हीवर दिसत तसे सलग हलतात. कॅसेट डिजिटल करून देणारे पुष्कळ जण चित्र आधीच २५ वर आणून, वर दाबून देतात. तो बिघाड नंतर निघत नाही. त्यांच्याकडून आंतरओळी तशाच ठेवलेली मूळ फाइल मागा. मिनीडीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात, तेवढी जागा आज स्वस्त आहे.

डीव्हीडी आणि व्हीसीडी वाचायला यूएसबीचा बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर पुरे, ब्लू-रेसाठी मात्र ब्लू-रे ड्राइव्हच लागतो. नव्या कॅबिनेटमध्ये ड्राइव्हचा खण शोधत बसू नका. व्हीसीडीत 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरात .डॅट फाइल असते, ती व्हीएलसीत थेट चालते. एखादी डिस्क वाचताना अडत असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका, आजच कॉपी करा. ४के ब्लू-रे डिस्क पीसीत घालून अधिकृतपणे बघायचा विचार असेल तर तो सोडलेला बरा. त्यासाठी लागणारी एसजीएक्स ही प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय इंटेलने डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून काढून टाकली. नवा प्रोसेसर घेतला म्हणून ती डिस्क लागत नाही, अशी ही गंमत.

साठवण

विंडोज किंवा लिब्रइलेकसाठी (फक्त कोडी चालवणारं फुकट लिनक्स) २५६ जीबीची एसएसडी, सिनेमांसाठी साधी हार्डडिस्क. सिनेमाला वेगवान डिस्क लागते हा गैरसमज आहे. ४के ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आतच, म्हणजे १९ मेगाबाइटहून कमी. कुठलीही हार्डडिस्क त्याच्या कितीतरी पट देते. डिस्क घेताना वेगापेक्षा आवाज बघा, ५४०० आरपीएमची शांत असते. एक ४के सिनेमा ६० जीबीचा धरला तर ४ टीबीत साधारण ६५ मावतात. नाटकं आणि कॅसेटी त्यात सहज सामावतात. कॅसेटींची मात्र दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. सिनेमा पुन्हा मिळेल, आजीचा आवाज नाही मिळणार.

कॅबिनेट, उष्णता, धूळ

परदेशी परीक्षणांमध्ये पंख्याच्या आवाजावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर फिरत असतो, त्याखाली पीसीची घरघर बुडून जाते. एसीच्या बंद खोलीत बघणाऱ्यांनीच शांततेसाठी जादा खर्च करावा. आपला खरा शत्रू आहे टीव्ही युनिटचा बंद कप्पा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना त्या कप्प्यात हवा कोंडली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून तगतो, हार्डडिस्कला ती सोय नाही. तिची मर्यादा सहसा ६० अंशांची. पंखा नसलेलं कॅबिनेट दिसायला देखणं असतं, पण अशा कप्प्यात नकोच. मागची फळी कापून घ्या, किंवा डबा उघड्यावर ठेवा. हवा आत घेणाऱ्या पंख्यापुढे जाळी असावी आणि ती दिवाळीच्या साफसफाईत धुतली जावी. बुटक्या कॅबिनेटमध्ये कूलरची कमाल उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते, कूलर घेण्याआधी ती बघून ठेवा.

एसएमपीएस आणि अर्थिंग

कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणारा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) परत करा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला ३०० वॅटही चिकार होतात, पण ते खरे हवेत, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेले. घरी जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चांगल्या एसएमपीएसचं आणि त्याचं पटेलच असं नाही, लाइट जाताच पीसी बंद पडू शकतो. तिथे साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवा.

अर्थिंगकडे मात्र कुणी बघत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ असतो, त्यामुळे हाताला नुसत्या मुंग्या येतात आणि लोक 'चालतंय' म्हणून सोडून देतात. दुसरीकडे टीव्हीला डिशची वायर आहे, ती गच्चीवरच्या लोखंडाला टेकलेली. आता चालू पीसीची एचडीएमआय वायर टीव्हीत खुपसली की हा सगळा फरक त्या इवल्याशा पोर्टमधून वाट काढतो. एचडीएमआय पोर्ट 'आपोआप' गेले, अशा तक्रारींत हे एक नेहमीचं कारण असतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थ खरंच आहे का ते तपासून घ्या. टीव्ही, पीसी आणि साउंडबार एकाच बोर्डावर लावा, आणि वायरी काढताना-घालताना सगळ्यांचे प्लग काढून ठेवा.

स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर डिशची किंवा केबलची वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष पीसीचा नाही, दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या भांडणाचा आहे. त्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो.

वीजबिलाची धास्ती नको. २० वॅट खाणारा पीसी महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवला तरी साडेचौदा युनिट होतात, एन१०० वाला त्याच्या निम्म्यावर भागवतो.

सोफ्यावरून चालवायचं कसं

विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. इंटेलच्या सातव्या पिढीचा जुना पीसी विंडोज ११ घेत नाही, पण लिब्रइलेक टाकलं तर तो सरळ कोडीत उघडतो आणि सिनेमासाठी अजून बरीच वर्षं चालेल. मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि प्लेअरमध्ये देवनागरी फाँट निवडा, म्हणजे चौकोन दिसणार नाहीत.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालेल असं गृहीत धरू नका. ती सोय, सीईसी, रास्पबेरी पायवर असते, पीसीच्या ग्राफिक्समध्ये सहसा नसते. यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर घेतला तर घरातला कुठलाही जुना रिमोट शिकवून वापरता येतो, आणि घरच्या मोठ्यांना तेच सोपं पडतं. वायरलेस कीबोर्ड घेतलात आणि सोफ्यावरून अक्षरं गळायला लागली तर बॅटरी बदलत बसू नका. यूएसबी ३ चे पोर्ट चालू असताना जो रेडिओ गोंगाट करतात तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि कीबोर्डचा रिसीव्हर त्याच पट्ट्यावर ऐकत असतो. शेजारी बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल तर आणखीच. रिसीव्हर यूएसबी २ च्या पोर्टला, अर्ध्या मीटरच्या एक्स्टेंशन वायरीने टीव्हीच्या पुढच्या बाजूला आणून ठेवा.